खिडकीजवळचा पट

एका नदीकाठच्या शहरात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते आणि ते बुद्धिबळ शिकवीत. संगणक बुद्धिबळाची उत्तरे सांगू लागण्याच्या आधीचा हा काळ. तेव्हा एखादी चाल बरी की वाईट हे ठरवायला स्वतःचे डोके आणि चार मित्रांची डोकी एवढेच साधन होते. गुरुजींच्या घराची पुढची खोली हीच त्यांची शाळा. तिथे फळा नव्हता, हजेरी नव्हती. होते ते काही जुने पट, टिकटिक करणारी घड्याळे आणि गुरुजींचा अफाट संयम.

त्या खोलीत एक रीत होती. दर रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर एक पट मोकळा ठेवला जाई. ज्याला आपल्या डावाच्या सुरुवातीत कुठे अडकायला होत असेल, त्याने ती स्थिती त्या पटावर मांडायची आणि सगळ्यांना म्हणायचे, "इथं माझं चालत नाही. बघा, काही सुचतं का." मग लहानमोठे सगळे त्या पटाभोवती जमत, वाद घालत आणि चहा गार करीत. याला तिथे 'अडचण मांडणे' म्हणत. आता स्पर्धेत उतरणाऱ्या माणसाने आपली अडचण उघडी करणे म्हणजे घराची कडी कुठून ढिली आहे ते चारचौघांत सांगणे. पण त्या खोलीत ते निर्धास्तपणे चाले. मांडलेली अडचण स्पर्धेत एकमेकांविरुद्ध वापरायची नाही, असा नियम गुरुजींनी कधी सांगितला नव्हता. तो सांगायची वेळच आली नव्हती.

गुरुजींच्या शिष्यांत हेरंब नावाचा एक तरुण होता. तल्लख, अभ्यासू आणि हरणे फार मनाला लावून घेणारा. दुसऱ्याने मांडलेल्या अडचणीवर तो सगळ्यांच्या आधी उत्तर शोधी. स्वतःची मात्र त्याने कधी मांडली नव्हती. "माझं काही अडत नाही," असे तो हसून म्हणे. असे म्हणणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, आणि बरेचदा आपण त्यांच्यावर विश्वासही ठेवतो.

सुमेध हा हेरंबचा महाविद्यालयापासूनचा मित्र. तो एका शाळेत गणित शिकवी. गुरुजींकडे दोघे एकाच वर्षी आले आणि त्यानंतर एकमेकांशी खेळलेल्या डावांची गणती कुणी ठेवली नाही. पांढरे मोहरे मिळाले की सुमेधची सुरुवात ठरलेली असे: घोडा, उंट भराभर बाहेर काढायचे आणि एक प्यादे सरळ शत्रूला देऊन टाकायचे. त्या प्याद्याच्या बदल्यात हल्ला करायला वेळ मिळतो, असा त्याचा हिशेब. त्या सुरुवातीवर त्याचे प्रेम होते. दुसरे काही खेळून बघ म्हटले, तर तो बायको बदल म्हटल्यासारखा चेहरा करी, आणि तेव्हा तर त्याचे लग्नही झाले नव्हते.

एका रविवारी याच सुरुवातीतली एक स्थिती त्याने खिडकीजवळच्या पटावर मांडली. "इथं काळ्यानं घोडा पटाच्या कडेला नेला तर?" तो म्हणाला. "कुणाला चटकन सुचणार नाही. कडेला घोडा नेऊ नये, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पण कुणी नेलाच, तर माझा उंट जाईल तिथं अडकतोय. आणि उंट गेला की माझं सगळंच गेलं."

सगळ्यांनी डोकी खाजवली. हेरंबने तर पुढचे कित्येक दिवस त्यावर घालवले. संध्याकाळी सुमेधच्या गॅलरीत बसून दोघांनी तो घोडा कडेला नेला, परत आणला, पुन्हा नेला. उत्तर सापडले नाही. "असू दे," सुमेध शेवटी म्हणाला, "तुझ्यामाझ्याशिवाय इतका विचार कोण करतंय?"

त्यानंतर जिल्ह्याची अजिंक्यपद स्पर्धा आली. शेवटच्या फेरीला हेरंब आणि सुमेध सगळ्यांच्या पुढे होते, दोघांचे गुण सारखे होते आणि ती फेरी त्यांना एकमेकांविरुद्धच खेळायची होती. जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. सुमेधला पांढरे मोहरे मिळाले.

सुमेधने घोडा काढला, उंट काढला आणि ते प्यादे देऊन टाकले. देताना त्याने समोर पाहिलेसुद्धा नाही. चाली भराभर होत गेल्या, दोन्ही राजे किल्लेकोटात जाऊन बसले, आणि खिडकीजवळच्या पटावर मांडलेली ती स्थिती जशीच्या तशी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

हेरंब थांबला. घोडा मध्यावर नेण्याची एक साधी, चांगली चाल त्याच्याकडे होती. त्या चालीने पुढे लढाई झाली असती आणि कोण जिंकेल हे सांगता आले नसते. दुसरी चाल कडेची. तिच्यानंतर काय होते, हे समोरासमोर बसलेल्या त्या दोघांना पुरते ठाऊक होते. घड्याळ चालत राहिले. हेरंबने मनातल्या मनात बराच युक्तिवाद केला. नियमात कुठे असे लिहिले आहे? पटावर मित्र नसतो. आणि सुमेधला जर हे माहीत आहे, तर त्याने ही सुरुवात खेळावीच कशाला? शेवटचा प्रश्न त्याला विशेष पटला. त्याचे खरे उत्तर त्याच्या समोरच, हाताची घडी घालून निवांत बसले होते. पण तिकडे त्याने पाहिले नाही. त्याने घोडा उचलला आणि कडेला नेऊन ठेवला.

सुमेधने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण चुकून भलत्याच घरात शिरलो की काय, अशा नजरेने त्याने हेरंबकडे पाहिले, आणि मग तो खाली मान घालून खेळू लागला. उंट अडकला. हल्ला विझला. थोड्या वेळाने त्याने घड्याळ थांबवले आणि हात पुढे केला.

स्पर्धेतल्या खेळाडूंची एक जुनी सवय असते. डाव संपला की जिंकलेला आणि हरलेला शेजारी बसून तोच डाव पुन्हा चाळतात, कुठे काय चुकले ते बघतात. सुमेध म्हणाला, "बसू या थोडं?"

"नंतर," हेरंब म्हणाला, आणि उठला.

दाराशी वर्तमानपत्राचा एक बातमीदार उभा होता. कडेचा घोडा पाहून तो भलताच खूश झाला होता. "अशी उलटी चाल सुचली कशी तुम्हाला?"

"पटावर बसल्याबसल्याच सुचली," हेरंब म्हणाला.

मागच्या बाकावर सुमेध आपली पिशवी आवरीत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्याने पिशवीची चेन ओढली आणि तो निघून गेला. हेरंबला हे सगळे दिसले होते. आपल्याला ते दिसले नाही, असे त्याने ठरवले.

रविवारी हेरंब पेढ्यांचा पुडा घेऊन गुरुजींकडे गेला. सगळ्यांनी अभिनंदन केले, पेढे घेतले. सुमेध आला नव्हता. खिडकीजवळचा पट मोकळा होता आणि तो तसाच राहिला. एक वयस्कर काका दर आठवड्याला न चुकता काहीतरी मांडीत. कुणीतरी त्यांना विचारले, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "या वेळी काही अडलं नाही बुवा." दुसऱ्याचेही काही अडले नव्हते. तिसऱ्याचेही नाही. एका आठवड्यात त्या खोलीतल्या सगळ्यांचे डाव एकाएकी निर्दोष झाले होते. हेरंबच्या ते लक्षात आले. पण आलोच आहोत तर शेवटपर्यंत नेऊ, असे म्हणून तो गुरुजींसमोर बसला.

"गुरुजी, त्या शेवटच्या फेरीतल्या डावाचा अभ्यास करायचाय. विशेषतः सुरुवातीचा."

"मांड की," गुरुजी म्हणाले.

हेरंबने सगळा डाव चालीचालीने खेळून दाखवला. गुरुजींनी तो शांतपणे पाहिला आणि विचारले, "तू कुठं जिंकलास?"

"इथं. सुमेधनं डाव सोडला तेव्हा."

"त्याच्या आधी," म्हणत गुरुजींनी काही चाली मागे घेतल्या.

"मग इथं. उंट अडकला तेव्हा."

"अजून आधी." गुरुजींची सुरकुतलेली बोटे मोहरे मागे नेत राहिली.

"हां, इथं!" हेरंब म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा अभिमान आलाच. "घोडा कडेला नेला ना, तिथंच डाव जिंकला."

गुरुजींनी तो घोडाही मागे घेतला. ते तिथेही थांबले नाहीत. किल्लेकोट सुटले, दिलेले प्यादे परत आले, उंट आणि घोडे आपापल्या घरी गेले. शेवटी सगळे मोहरे पहिल्या ओळींत उभे राहिले, जणू अजून कुणी काही खेळलेच नव्हते. म्हाताऱ्याला आता विसर पडायला लागला, असे हेरंबला वाटून गेले. तोवर गुरुजींनी एकेक मोहरा उचलून पेटीत ठेवायला सुरुवात केली होती. राजा गेला, वजीर गेला, शेवटचे प्यादेही गेले. मग त्यांनी तो रिकामा पट दोन्ही हातांनी उचलला, सावकाश चालत खिडकीपर्यंत नेला आणि तिथल्या टेबलावर ठेवला.

"अजून थोडं मागं जाऊ," ते म्हणाले. "आता सांग."

हेरंबचे कान तापले. आता कुठे पाहायचे हेच त्याला कळेना, कारण जिकडे पाहावे तिकडे कुणीतरी होते आणि त्या प्रत्येकाने कधी ना कधी त्याच टेबलावर आपली अडचण त्याला दाखवलेली होती.

"तिथं जिंकलो, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला. "सुमेधनं मांडलं होतं तेव्हाच."

"आणि पेपरात?"

"ते खोटं सांगितलं मी. चाल सुमेधनं दाखवलेली होती. मला काही सुचलं नव्हतं."

हे बोलून झाल्यावर आपल्याला हलके वाटेल, अशी त्याची कल्पना होती. तसे काही वाटले नाही. उलट इतका वेळ जी लाज आत होती ती आता सगळ्यांसमोर येऊन बसली.

गुरुजी परत येऊन खुर्चीत टेकले. "हे बघ बाळा," ते म्हणाले, "डावाची सुरुवात पहिल्या चालीपासून होते असं पुस्तकात असतं. पुस्तकाला दुसरं काही लिहिताही येत नाही. पण माणसाचा डाव त्याच्या आधी सुरू झालेला असतो. सुमेधनं इथं जे मांडलं ते तुला मित्र समजून मांडलं. स्पर्धेत त्यानं तीच सुरुवात केली, तीही तू समोर होतास म्हणूनच. दुसरा कुणी असता तर त्यानं दहा वेळा विचार केला असता. तू नियम मोडलेला नाहीस. निकाल बदलणार नाही, बदलूही नये. पंचांना यात करण्यासारखं काही नाही, मलाही नाही. ज्याचं माप कुठल्याच नियमात नाही, ते ज्याचं त्यालाच मोजावं लागतं. आणि तुझ्या एकट्यापुरतं असतं तरी ठीक होतं. आज बघ, इथं कुणाचंच काही अडत नाही."

"मी सुमेधची माफी मागतो," हेरंब म्हणाला. "आत्ताच जातो."

"जा. पण नुसती माफी मागायला जाऊ नकोस. तो भला माणूस आहे. 'जाऊ दे रे' म्हणेल. मग तू मोकळा होशील आणि ते सगळं मुकाट्यानं गिळायचं काम त्याच्याकडे राहील. त्यानं तुझ्यासमोर जे ठेवलं होतं, ते तू त्याच्यासमोर ठेव."

"म्हणजे काय, गुरुजी?"

गुरुजींनी पुड्यातला एक पेढा उचलला आणि ते खिडकीबाहेर बघत तो खाऊ लागले.

हेरंब रस्त्याला लागला. बाजार ओलांडेपर्यंत त्याला गुरुजींच्या म्हणण्याचा अर्थ लागला होता, आणि तो लागल्यावर त्याची पावले जड झाली. कारण त्याचेही अडत होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना तो वजीर लवकर राजाच्या बाजूला नेऊन धाक घाली. सगळे त्याच्या त्या सुरुवातीला वचकून असत. पण तिच्यात एक भोक होते. काळ्याने आपला पुढे आलेला उंट फक्त एक घर मागे घेतला, तर वजिराची परतीची वाट बंद होत होती. हे हेरंबला ठाऊक होते आणि त्याने ते प्राणपणाने लपवले होते. सरावात ती स्थिती जवळ आली की तो "चल, हा झाला, नवीन मांडू" म्हणून हाताने सगळे मोहरे गोळा करी. इतकी वर्षे कुणाला पत्ता लागला नाही, याची त्याला आत कुठेतरी ऐटही होती. आज ते सुमेधला दाखवायचे म्हणजे आपल्या पराभवाची किल्ली त्याच्या हातात द्यायची. आपण जिच्या जोरावर जगतो ती गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करताना काय वाटते, हे त्याला त्या रस्त्यावर पहिल्यांदा समजले. सुमेधला हे एका रविवारी किती सहज जमले होते!

सुमेध गॅलरीत बसून शाळेचे पेपर तपासीत होता. हेरंबला पाहून तो उठला नाही. "ये," एवढेच म्हणाला.

हेरंब उभ्याउभ्याच बोलला. "सुमेध, मी तुझी अडचण तुझ्यावरच वापरली. वर पेपरवाल्याला खोटं सांगितलं. तू तिथं होतास हे मला दिसत होतं. दिसत असूनही सांगितलं."

"माहितेय मला," सुमेध म्हणाला. त्याने लाल पेन्सिल खाली ठेवली. "हरल्याचं एवढं नाही रे. हरतो आपण. पण तू घोडा उचललास ना, तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं मी कुणाबरोबर बसत होतो?"

हेरंबने पेपर बाजूला सरकवले, कोपऱ्यातला पट ओढला आणि आपल्या सुरुवातीची ती स्थिती मांडली. "हे मी कुणाला दाखवलेलं नाही," तो म्हणाला. "इथं माझं चालत नाही. काळ्यानं हा उंट एक घर मागं घेतला, की माझा वजीर संपला. आता तुला माहीत झालंय. पुढच्या वेळी समोर येऊ तेव्हा खुशाल वापर. मी काही म्हणणार नाही."

सुमेधने पटाकडे पाहिले. मग म्हणाला, "मला माहीत होतं हे."

"कधीपासून?"

"दोनेक वर्षं झाली असतील. गुरुजींच्या खोलीत सराव करताना तू इथपर्यंत आलास की घाईघाईनं मोहरे गोळा करायचास. एवढी घाई कसली म्हणून घरी येऊन मांडून बघितलं, तर दिसलं."

"पण मागच्या वर्षी आपण स्पर्धेत खेळलो तेव्हा हीच स्थिती आली होती," हेरंब म्हणाला. "तू उंट मागं घेतला नाहीस. हत्ती हलवलास. बरोबरी झाली आपली. त्या बरोबरीनं तुझं राज्य स्पर्धेला जाणं हुकलं."

"हो. हात शिवशिवला होता, खोटं कशाला बोलू? मी काही संत नाही. पण त्याचा माग मला गुरुजींच्या खोलीत लागला होता. तू मांडलं नव्हतंस हे खरं, पण कळलं तिथूनच ना."

हेरंबला तिथून पळून जावेसे वाटले. गुरुजींच्या खोलीत सगळ्यांसमोर वाटली होती त्याहून ही लाज निराळी होती. हिला बघायला कुणी नव्हते आणि हिच्यापासून तोंड फिरवायला जागाही नव्हती. "मग मला बोलला का नाहीस?" त्याने विचारले.

"तू लपवत होतास. लपवलेलं मला कळलंय असं कसं सांगू? वाटलं, कधीतरी तूच मांडशील." सुमेधने हात पुढे केला, पांढऱ्याच्या कडेच्या प्याद्यावर बोट ठेवले आणि ते एक घर पुढे सरकवले. "वजीर तिकडे नेण्याच्या आधी हे एवढं करायचं. मग उंट मागं घेऊ दे नाहीतर काही करू दे, वजिराला परत यायला हे घर मिळतं. दोन-तीन महिने डोकं घातलं होतं मी यात. तू विचारलंस की सांगायचं म्हणून ठेवलं होतं."

हेरंब खाली बसला. त्या पुढे सरकलेल्या प्याद्याकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला आणि त्याला मान वर करता येईना. सुमेधनेही त्याला घाई केली नाही. थोड्या वेळाने त्याने पेन्सिल उचलली आणि तो उरलेले पेपर तपासू लागला.

आपल्या दुबळ्या जागा जवळच्या माणसांना बहुधा कधीच्याच दिसलेल्या असतात. तिथे त्यांनी वार केला नाही, याला आपण मात्र आपली हुशारी समजत असतो.